कोंबडीची पहिली राखण

१८ फेब्रुवारी २००६, शनिवार. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरहून भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेलेल्या मेलेल्या कोंबड्यांच्या नमुन्यांचा निष्कर्ष त्या दिवशी जाहीर झाला: एच५एन१. आग्नेय आशियात दोन वर्षांहून अधिक काळ थैमान घालणारा बर्ड फ्लूचा हा विषाणू भारतातल्या कोंबड्यांत पहिल्यांदाच सापडला होता. पुढच्या दोन महिन्यांत महाराष्ट्र आणि लगतच्या गुजरातेत मिळून सुमारे दहा लाख पक्षी मारून पुरले गेले. जिथे विषाणू पोहोचलाही नव्हता तिथे गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. चिकनचे आणि अंड्यांचे भाव राज्यभर कोसळले. मुंबईच्या बाजारावर डोळा ठेवून कोंबड्या वाढवणारा रायगड जिल्हा त्यातून सुटणे शक्यच नव्हते. पेणच्या खारेपाटात किंवा रोह्याच्या कुंडलिकाकाठी ज्याच्या शेडमध्ये त्या आठवड्यात विक्रीला आलेला माल उभा होता, त्याला गिऱ्हाईक नसले तरी पक्ष्यांना रोजचे खाद्य घालावेच लागत होते.

नवापूरची हकिगत सांगताना आपण सरकारी आदेश, जेसीबीने खणलेले खड्डे आणि पक्ष्यामागे मिळालेले रुपये एवढ्यावर थांबतो. तिची सुरुवात मात्र कोंबडीच्या पेशीत आहे. हा विषाणू शरीरात शिरला की कोंबडीच्या पेशीला धोक्याची खबर वेळेवर लागत नाही. नवापुरात माणसांनाही ती वेळेवर लागली नाही. हे दोन उशीर एकावर एक पडले आणि त्यातून एवढा मोठा संहार घडला. पहिला उशीर निसर्गाच्या हातचा होता, दुसरा आपल्या. ते कसे घडले हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मानमोडी आणि लशीवरचा भरवसा

बर्ड फ्लू येण्याआधी महाराष्ट्रातल्या कोंबड्यांची खरी वैरीण एकच होती, मानमोडी. धडधाकट कोंबडी मलूल होते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, चोच उघडी ठेवून श्वास ओढते, मान पिळवटल्यासारखी वाकडी होते, आणि बघता बघता खुराडे रिकामे होते. या रोगाची शास्त्रीय नोंद १९२६-२७ च्या सुमारास जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे झाली. पाठोपाठ तो कुमाऊँमधल्या राणीखेतला सापडला आणि भारतात ‘राणीखेत’ हेच त्याचे नाव पडले.

राणीखेतपासून जवळच मुक्तेश्वरला पशुरोगांवर संशोधन करणारी सरकारी संस्था होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात विषाणूचा जोर कमी करून लस तयार केली. या वाणाची लस ‘आर-टू-बी’ या नावाने आजही मोठ्या कोंबड्यांना टोचली जाते. लहान पिल्लांसाठी पुढे ‘लासोटा’सारखे सौम्य वाण आले. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकायचा, पुढची मात्रा सकाळी तहानलेल्या पक्ष्यांना पाण्यातून द्यायची. पुण्यात औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेत तयार होणारी लस गावोगावच्या दवाखान्यांत पोहोचू लागली.

मोठी कोंबडीपालने उभी राहिली ती या लशीच्या जोरावर. एका छपराखाली हजारो पक्षी ठेवण्याचे धाडस माणूस तेव्हाच करतो, जेव्हा एका रात्रीत सगळे जाणार नाहीत याची त्याला खात्री असते. १९७१ मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे पुणे हे देशाच्या पोल्ट्री व्यवसायाचे एक मोठे केंद्र झाले. १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली आणि अंड्याचा भाव शेतकऱ्यांच्या संघटनेकडून जाहीर होऊ लागला. रायगडसारख्या भाताच्या जिल्ह्यात शेडमध्ये अंथरायला लागणारे भाताचे तूस गिरणीवर मिळत होते आणि मुंबईची बाजारपेठ हाकेच्या अंतरावर होती. भातखाचरांच्या कडेने पत्र्याच्या लांबट शेड दिसू लागल्या. नंतर करार पद्धत आली. पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे; जागा, वीज, पाणी आणि मेहनत शेतकऱ्याची; सहा आठवड्यांच्या आत पक्षी काट्यावर चढतो आणि वाढवणुकीचा दर किलोमागे मिळतो.

या सगळ्या डोलाऱ्याखाली एक गृहीत होते: रोग आला तर लस आहे. लस शरीराला एका ठरावीक शत्रूची ओळख करून देते. त्या शत्रूविरुद्ध प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. शत्रू अनोळखी असेल आणि त्याला दोन दिवसच पुरे असतील, तर शरीराकडे उरते ती जन्मजात मिळालेली, कोणी न शिकवलेली संरक्षण व्यवस्था. तिचा मोठा शोध कोंबडीच्याच अंड्यात लागला होता.

अंड्यातला शोध

१९३१ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट गुडपाश्चर आणि अ‍ॅलिस वुड्रफ यांनी दाखवले की उबवणीच्या अंड्यात विषाणू वाढवता येतो. त्यांनी वाढवला तो कोंबडीच्या देवीचा. तेव्हापासून पिल्लू धरलेले अंडे ही विषाणूशास्त्राची सर्वांत स्वस्त प्रयोगशाळा झाली. फ्लूची लसही त्यातच बनू लागली. २०१० मध्ये पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने स्वाइन फ्लूवर काढलेली नाकात मारायची लस अंड्यातच वाढवलेली होती.

अंड्यात काम करणाऱ्यांना एक कोडे सतत भेटत होते. एका विषाणूची बाधा झालेल्या पेशींत दुसरा विषाणू सहजी वाढत नसे. पहिला विषाणू मेलेला असला तरी हा अडथळा टिकत असे. हे का होते, याचा शोध घेण्यासाठी १९५६ मध्ये लंडनच्या मिल हिल भागातल्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत अ‍ॅलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेला तरुण संशोधक जाँ लिंडेनमन एकत्र आले.

त्यांचा प्रयोग थोडक्यात असा. अंड्याच्या कवचाला आतून चिकटलेले, रक्तवाहिन्यांनी भरलेले पातळ पटल त्यांनी सोडवून घेतले आणि त्याचे लहान तुकडे केले. फ्लूचा विषाणू ५६ अंश सेल्सिअसवर तापवून निर्जीव केला. परीक्षानळीत पटलाचे तुकडे आणि हा मेलेला विषाणू काही तास एकत्र ठेवले. मग तुकडे धुऊन चिकटून न राहिलेला विषाणू काढून टाकला आणि ते ताज्या द्रवात ठेवले. दुसऱ्या दिवशी तुकडे बाजूला काढून नुसता द्रव घेतला. त्या द्रवात दुसऱ्या, निरोगी अंड्यातल्या पटलाचे तुकडे ठेवले आणि त्यांच्यावर जिवंत विषाणू सोडला. विषाणू वाढेना. म्हणजे पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडले होते आणि त्या ‘काहीतरी’ने शेजारच्या, कधीही बाधा न झालेल्या पेशींना सावध केले होते.

या द्रव्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटले. १९५७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. जपानमध्ये नागानो आणि कोजिमा यांनी सशांवरच्या प्रयोगांत १९५४ मध्येच अशा एका द्रव्याची चाहूल घेतली होती. नाव आणि प्रसिद्धी मात्र लंडनच्या जोडीला मिळाली. पुढे याच वर्गातली द्रव्ये माणसाच्या यकृताच्या विषाणुजन्य आजारांवर आणि काही कर्करोगांवर औषध म्हणून वापरली गेली.

आज आपल्याला ही साखळी अधिक तपशिलाने माहीत आहे. पेशीत काही प्रथिने सतत टेहळणी करत असतात. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचे जनुकीय द्रव्य, दिसला की ती खूण करतात, इंटरफेरॉन बाहेर पडतो, आणि त्याचा निरोप मिळालेल्या पेशी शेकडो जनुके जागी करतात. कोणी विषाणूचा आरएनए कातरते, कोणी पेशीचे प्रथिननिर्मितीचे काम थोपवते, कोणी विषाणूला आतच शिरू देत नाही. हे सगळे काही तासांत घडते. कोकणातल्या गावाला वेशीवर जसा राखणदार असतो, तशी ही पेशीची पहिली राखण. ती कोंबडीकडे आहे, आणि तिच्याच अंड्याने ती जगाला दाखवली. पण ती अपुरी आहे, हे कळायला आणखी पन्नास वर्षे लागली.

हाँगकाँग ते चिंघाई

१९९६ मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात एका बदक-हंसवर्गीय पाळीव पक्ष्यात एच५एन१ चा नवा वाण सापडला. दुसऱ्याच वर्षी हाँगकाँगच्या बाजारांतून तो माणसांत आला. १८ जणांना लागण झाली, सहा जण दगावले. शहरातल्या लाखो कोंबड्या काही दिवसांत मारल्या गेल्या आणि साथ थांबली. विषाणू संपला मात्र नव्हता. २००३-०४ मध्ये तो व्हिएतनाम, थायलंड, इंडोनेशिया अशा एकेका देशात उफाळत गेला.

२००५ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या चिंघाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने होते. हेच पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यात भारतात येतात. त्यानंतर काही महिन्यांतच विषाणू मध्य आशिया, इराण आणि युरोपपर्यंत पसरला. भारतात केंद्र सरकारने कृती आराखडा आखला होता आणि भोपाळच्या प्रयोगशाळेकडे देशभरातून नमुने जात होते. कागदावर तयारी होती.

नवापूर

नवापूर हे सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचे गाव. त्याच्या स्टेशनाची हद्द अर्धी महाराष्ट्रात, अर्धी गुजरातेत आहे. सुरतेची बाजारपेठ जवळ असल्याने इथे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे पन्नासच्या आसपास फार्म उभे राहिले होते. एकमेकांना लागून शेड, खाद्याच्या आणि अंड्यांच्या त्याच गाड्या, कामालाही आसपासची तीच माणसे.

जानेवारी २००६ च्या अखेरीपासून इथे मर सुरू झाली. तुरे निळे पडत, तोंड सुजे, पायांवर रक्ताळलेले चट्टे दिसत आणि पक्षी पटापट पडत. फार्मवाल्यांना वाटले, मानमोडीच. तो अंदाज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. दोन्ही रोगांची लक्षणे डोळ्यांनी पाहून वेगळी करणे अनुभवी पशुवैद्यालाही कठीण जाते, आणि मानमोडी दर हिवाळ्यात भेटणारी होती. मेलेले पक्षी पुरले गेले, काही उघड्यावर टाकले गेले, जिवंत माल विकला जात राहिला. मृत पक्ष्यांचा आकडा बातम्यांत तीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत सांगितला गेला. नमुने भोपाळला पोहोचून निष्कर्ष आला तोवर सुमारे तीन आठवडे उलटले होते.

शनिवारी राज्याचे पशुसंवर्धनमंत्री अनीस अहमद यांनी रोगाची घोषणा केली. रविवारी मोहीम सुरू झाली. नवापूरभोवती तीन किलोमीटरचे क्षेत्र बाधित ठरले, दहा किलोमीटरपर्यंत पाळत लागली. पांढरे संरक्षक पोशाख, गॉगल आणि मुखपट्ट्या घातलेली पथके शेडमध्ये शिरली. त्यांना आधी ओसेल्टामिव्हिर या फ्लूविरोधी औषधाच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या. पिंजऱ्यांतून पक्षी काढायचे, मान मुरगाळायची, पोत्यात भरायचे, खोल खड्ड्यात टाकून चुना पसरायचा, मग खाद्य, अंडी, तूस, सगळे त्याच मातीत. हे काम करणारे बहुतेक जण पशुसंवर्धन विभागाचेच कर्मचारी होते. ज्यांनी जन्मभर जनावरे वाचवली, त्यांच्यावर दिवसभर पक्षी मारण्याची वेळ आली. आसपासच्या आदिवासी पाड्यांवर घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांच्या दारातही पथके गेली. मोठ्या पक्ष्याला भरपाई होती ४० रुपये. ज्या घराची अडीअडचणीला विकायची कोंबडी हीच शिल्लक, त्याला या रकमेचा काय आधार वाटला असेल?

ताप-खोकला असलेल्यांना रुग्णालयात वेगळे ठेवण्यात आले. त्यांच्या नमुन्यांत एच५एन१ आढळला नाही. नवापुरात एकाही माणसाला लागण झाली नाही, हे त्या मोहिमेचे मोठे यश होते.

बाहेर मात्र भीतीचा वेग विषाणूहून जास्त ठरला. रेल्वे आणि विमान कंपन्यांनी जेवणातून चिकन आणि अंडी काढून टाकली. अनेक देशांनी भारतीय कोंबड्यांची आयात थांबवली. नीट शिजवलेल्या मांसात आणि अंड्यात हा विषाणू टिकत नाही, हे डॉक्टर आणि सरकार सांगत राहिले, पण लोकांचा विश्वास परतायला महिने गेले.

मार्चच्या मध्यात रोग जळगाव जिल्ह्यात सापडला, आणि तिथे तो घरोघरच्या गावठी कोंबड्यांत होता. पाठोपाठ मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचे नाव आले. एप्रिलच्या मध्यानंतर नवे प्रादुर्भाव थांबले. महाराष्ट्रातल्या विषाणूची जनुकीय ठेवण त्याच वर्षी इराण आणि इटलीतल्या हंसांत सापडलेल्या विषाणूंशी जुळली. चिंघाईहून निघालेल्या फांदीचाच तो फुटवा होता.

कोंबडी का कोसळते

नवापूर आणि जळगावने एक प्रश्न पुढे ठेवला. फार्मवरची संकरित कोंबडी नाजूक, हे सगळेच मानतात. गावठी कोंबडी उन्हातान्हात हिंडते, उकिरडा उकरते, कसलीही औषधे न घेता जगते. ती का मेली? आणि त्याच पाण्यावर उतरणारे रानबदक हाच विषाणू पोटात घेऊन पुढच्या देशात कसे उडून जाते?

उत्तराचा एक भाग विषाणूत आहे. साधा फ्लू फक्त श्वासनलिकेत किंवा आतड्यात वाढतो, कारण त्याच्या बाहेरच्या प्रथिनाला पेशीत शिरण्याआधी जो छेद द्यावा लागतो, तो देणारी विकरे (एन्झाइम) तिथेच असतात. एच५एन१ च्या घातक वाणांत छेदाची ही जागा अशी बदललेली आहे की शरीराच्या जवळजवळ प्रत्येक अवयवातली विकरे ते काम करतात. मग मेंदू, हृदय, स्वादुपिंड, कुठलाच अवयव सुटत नाही. शिवाय या विषाणूकडे इंटरफेरॉनचा निरोप दाबून टाकणारे स्वतःचे एक प्रथिनही आहे.

दुसरा भाग कोंबडीत आहे, आणि तो २०१० मध्ये उजेडात आला. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या कॅथरीन मेगर आणि अमेरिकेतल्या मेम्फिस येथील ज्येष्ठ फ्लूतज्ज्ञ रॉबर्ट वेबस्टर यांच्या गटाने बदक आणि कोंबडी यांच्या पेशींची तुलना केली. फ्लूचा आरएनए ओळखणारे ‘रिग-आय’ नावाचे प्रथिन माणसात असते, बदकात असते. कोंबडीत त्याचे जनुक सापडलेच नाही. त्यांनी बदकाचे हे जनुक कोंबडीच्या पेशींत घातले आणि त्या पेशींना फ्लूची बाधा केली. इंटरफेरॉनची निर्मिती वाढली आणि विषाणूची वाढ जवळपास निम्म्यावर आली.

याचा अर्थ कोंबडी अगदीच निराधार आहे असा नाही. ‘एमडीए-५’ आणि ‘टीएलआर-७’ यांसारखे इतर टेहळे तिच्याकडे आहेत आणि ते कामही करतात. अनेक विषाणूंशी ती रोज लढते आणि जिंकते. फ्लूच्या बाबतीत मात्र तिचा नेमका राखणदार जागेवर नाही. इतरांकडून खबर लागते, पण तोवर घातक वाण शरीरभर पसरलेला असतो. उशिरा आलेला प्रतिसाद मग इतका अनावर होतो की तोच शरीराला जाळत सुटतो. एक-दोन दिवसांत पक्षी जातो. हे जनुक जातीतच नसल्यामुळे गावठी कोंबडीही इथे सुटत नाही. तिचा काटकपणा इतर बाबतींत खरा असला तरी ही उणीव तिच्यातही आहे. आणि बदकाचे संरक्षणही अभेद्य नाही, कारण चिंघाईनंतरचे काही वाण पाणपक्ष्यांनाही मारू लागले आहेत.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. २००२ मध्ये जपानी संशोधकांनी कोंबडीच्या ‘एमएक्स’ नावाच्या प्रथिनातला एक बदल फ्लूला रोखतो असे मांडले, आणि जातिवंत देशी कोंबड्यांत तो शोधण्याची धडपड सुरू झाली. पुढच्या प्रयोगांत मात्र हा दावा टिकला नाही. २०२३ मध्ये एडिंबराच्या रोझलिन इन्स्टिट्यूटसह ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दुसरी वाट धरली. विषाणू आपली संख्या वाढवण्यासाठी कोंबडीचे जे प्रथिन वापरतो, त्याचे जनुक त्यांनी किंचित बदलले. नेहमीच्या मात्रेत विषाणू दिल्यावर दहापैकी नऊ पक्षी निरोगी राहिले. मात्रा हजारपट केल्यावर निम्म्यांना बाधा झाली, आणि विषाणूनेही स्वतःत बदल करून वाट काढायला सुरुवात केली. त्यामुळे एका बदलावर भागणार नाही, हे संशोधकांनीच सांगितले.

नवापूरनंतर

२००६ नंतर कायदा आणि व्यवस्था दोन्ही बदलल्या. जनावरांतल्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा केंद्रीय कायदा २००९ मध्ये झाला. पक्ष्यांत किंवा जनावरांत अनुसूचित रोगाची शंका आली तर मालकाने ते कळवलेच पाहिजे, हे त्याने बंधनकारक केले. पुण्यातली पशुरोगनिदान यंत्रणा नमुने आधी तपासू लागली, अंतिम शिक्कामोर्तब भोपाळचे. पक्षी मारण्याचे क्षेत्र तीन किलोमीटरवरून एक किलोमीटरवर आले, त्यामुळे निरोगी पक्ष्यांचा विनाकारण होणारा संहार घटला.

जानेवारी २०२१ मध्ये या व्यवस्थेची परीक्षा झाली. परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात सुमारे आठशे कोंबड्या एकाएकी मेल्या आणि एच५एन१ निष्पन्न झाला. मुंबई, ठाणे, दापोली इथे कावळे मेलेले सापडले. बाधित जिल्ह्यांच्या यादीत पुणे, सोलापूर, बीड, नांदेड यांच्या जोडीला रायगडचेही नाव आले. फेब्रुवारीत पुन्हा नवापूर. पंधरा वर्षांनी तिथे पुन्हा लाखो पक्षी मारावे लागले. एकाच जागी दाटीने उभ्या असलेल्या शेडची रचना बदलली नव्हती, आणि पेशीत नसलेल्या राखणदाराची किंमत त्या रचनेने अनेक पटींनी वाढवली. या वेळी अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला भरपाई ९० रुपये होती. अंडी आणि खाद्य नष्ट केले तर त्याचेही पैसे धरले गेले.

त्याच वर्षी जुलैमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला एक मुलगा एच५एन१ ने दगावला. भारतात या विषाणूने माणसाचा घेतलेला तो पहिला नोंदलेला बळी. कोंबडीतला रोग कोंबडीपुरता राहील ही समजूत तिथे संपली.

जानेवारी २०२५ मध्ये साथ पेणच्या शेजारी आली. उरण तालुक्यातले चिरनेर हे १९३० च्या जंगल सत्याग्रहाने महाराष्ट्राला ठाऊक असलेले गाव. तिथल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निष्पन्न झाला. एक किलोमीटरच्या आतल्या हजाराहून अधिक कोंबड्या नष्ट केल्या गेल्या, दहा किलोमीटरपर्यंत पाळत लागली. नवापूरच्या मानाने हा आकडा किती लहान आहे, ते पाहावे. चिरनेरच्या कोंबड्यांकडे वेगळे जनुक नव्हते. घरगुती पक्ष्यांची विरळ वस्ती आणि वेळीच उचललेले पाऊल यांनी नुकसान हजारांवर रोखले.

पेण आणि रोह्यासाठी या इतिहासात सांगण्यासारखे बरेच आहे. धरमतर आणि कुंडलिकेच्या खाड्यांवर हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात. खाडीकाठच्या गावांत गावठी कोंबड्या आणि बदके मोकळी हिंडतात. काही अंतरावर हजारो ब्रॉयलर असलेली शेड असते. या तिन्हींना जोडणारा दुवा बहुधा माणूसच असतो: त्याच्या चपला, खाद्याची गाडी, पक्षी भरायला आलेले क्रेट. शेडच्या दारातले जंतुनाशकाचे पाणी, पाण्याच्या टाकीवरची जाळी, घरच्या कोंबड्या आणि शेड यांना वेगळी माणसे, हे उपाय साधे आहेत आणि ते कोंबडीला रोगाशी गाठ पडण्यापासूनच वाचवतात.

सर्वांत अवघड गोष्ट मात्र आजही तीच आहे, वेळेवर कळवणे. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची; आधी मेलेल्यांची नाही. भाव पडून झालेले नुकसान कोणी भरून देत नाही. करार पद्धतीत पक्षी कंपनीचे असतात आणि महिनोन्महिने रिकामी राहणारी शेड शेतकऱ्याची. पहिल्या दिवशी दहा पक्षी मेले तर फोन करायचा की उरलेला माल घाईने काढायचा, हा निर्णय त्या माणसाला एकट्याने घ्यायचा असतो, आणि प्रामाणिक निर्णयाची किंमत त्यालाच मोजावी लागते. कळवणाऱ्याला तातडीने पूर्ण भरपाई मिळावी, ती करारावर पक्षी वाढवणाऱ्याच्या हातात पडावी, रिकाम्या शेडच्या काळाचाही त्यात विचार व्हावा, ही मागणी दयेपोटी केलेली नाही. रोग आटोक्यात ठेवण्याचा याहून स्वस्त उपाय सापडलेला नाही. नवापूरच्या तीन आठवड्यांच्या उशिराची किंमत दहा लाख पक्षी आणि हजारो घरांचा रोजगार अशी मोजावी लागली. कोंबडीच्या पेशीतला उशीर दूर करायला विज्ञानाला अजून अवधी लागेल. आपला उशीर दूर करायला एक दूरध्वनी, एक सजग पशुवैद्य आणि वेळेवर पैसे देणारे सरकार पुरेसे आहे.